कोकणात गरवायला कुठे जावं? लहान मुलं आणि वयस्कर सोबत आहेत

नाशिकची_वाटसरू

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं गाडी घेऊन कोकणात येतोय. मी, नवरा, सासरे आणि ११ वर्षांची लेक. पाचसहा दिवस हातात आहेत. लेकीला गळ टाकायचं वेड लागलंय, मामाच्या शेततळ्यावर बांबूच्या काठीला तंगूस (नायलॉनची दोरी) बांधून तासन् तास बसते, आता तिला समुद्रातला मासा धरायचाय आणि ते सोडून दुसरं काही बोलत नाही. सासऱ्यांचा गुडघा दुखतो त्यामुळे खडकांवरून चढउतार नको. बोटीने आत जायचं अजून ठरवलं नाही, काठावरूनच जमलं तर बरं. किहीमपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही यायची तयारी आहे. जागा सुचवा, सामान काय घ्यायचं तेही सांगा, आणि पापलेट किंवा सुरमई लागू शकेल का हो? ती तेवढंच विचारतेय.

रेवदंडा_बंदर

रायगडात थांबणार असाल तर रेवदंडा सोयीचं पडेल. कुंडलिकेची खाडी तिथे समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा डोंगर, धक्क्यावर सासऱ्यांना खुर्ची टाकून निवांत बसता येईल. शिंगाळा, करकरा, बोय हे नेहमीचे, नशिबात असेल तर जिताडा. अजून खाली गेलात तर मुरुडच्या पुढे आगरदांडा आणि समोर दिघी, मधे राजपुरीची खाडी. तिथे फेरीबोट चालते, तिच्या रॅम्पवर गळ टाकू नका, गाड्या चढत उतरत असतात आणि गाडीच्या टायरखाली तंगूस गेली की हातातला रॉडच ओढला जातो. रॅम्पपासून बाजूला बसायचं. आणि हरिहरेश्वरला दर्शनाला जा, पण प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकांवर गळ घेऊन अजिबात जाऊ नका, लाट कधी येते कळत नाही, माणसं गेलेली आहेत तिथून.

गोट्या_पेणचा

जिताड्याचं नाव निघालं म्हणून. रायगडात शहापूर धेरंड भागात घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवतात. ओळख काढून एखाद्या तळेवाल्याला विचारलं आणि तो हो म्हणाला तर पोरीला तिथे बसवा. शेततळ्याची सवय आहेच तिला. मासा मात्र त्याचा असतो, भाव आधी ठरवून घ्यायचा.

कर्लीकाठ

देवबागाक येवा. कर्ली नदी जंय दर्याक मिळता थंय चेडवाक घेवन बसा, रेव आसा, खडप (खडक) नाय, आजोबांका पण चालूक बरा. मुडदुशे गावतत, बारीक गळ लावा. पण सुकती (ओहोटी) लागली की पाणी लय ओढता, घोट्याच्या वर पाण्यात जाव नकात कोणी. आणि सकाळी रापण, म्हणजे काठावरसून ओढूचा मोठा जाळा, ओढतत ती बगा, हात लावलास तर वाट्याचे मासे पण गावतीत. पोरांका त्या गळापेक्षा जास्त आवडता.

भाट्याचा_काठ

धागा वाचतोय, जागा सगळ्या चांगल्याच सुचवल्या आहेत, पण ताई तुम्ही जागा विचारलीत तशी वेळ विचारा. मी रत्नागिरीचा, भाट्याच्या खाडीवर लहानपणापासून गरवतोय, बाहेरून येणारे लोक बघतो ना तर दुपारी जेवून एक वाजता उन्हात येतात, पाणी पूर्ण सुकलेलं असतं, चिखलात गळ टाकतात, तास दोन तास बसतात आणि इथे मासेच नाहीत म्हणून निघून जातात. त्याच जागी चार तासांनी भरतीचं पाणी चढायला लागलं की गावातला एखादा म्हातारा हातदोरी घेऊन येतो आणि अर्ध्या तासात रात्रीच्या कालवणाची सोय करून घरी जातो.

तर भरतीचा हिशोब. मोबाईलवर टाईड टेबल मिळतं ते बघाच, पण जुना हिशोब पण शिकून ठेवा, रेंज नसली तरी चालतो. कॅलेंडरमधली तिथी बघायची, तिला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जे येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या आसपास भरती आणि संध्याकाळी परत सहा सव्वासहाला. दशमीला साडेसात. शुद्ध असो वद्य असो हिशोब तोच. रोज पाऊण तास पुढे सरकते असं समजा. मुंबईच्या बाजूला थोडी उशिरा येते, मालवणकडे थोडी लवकर, आणि खाडीत जितके आत जाल तितकी अजून उशिरा. म्हणून अर्धा पाऊण तास इकडे तिकडे धरायचा आणि तिथल्या माणसाला विचारून पक्कं करायचं.

आता अष्टमीच्या आसपास भांग असतो म्हणजे भरती ओहोटी कमी जोराची, पौर्णिमा अमावास्येला उधाण म्हणजे सगळ्यात मोठी. उधाणाला पाणी फार पळतं, खाडी गढूळ होते, शिसं तळाला ठरत नाही आणि नवीन माणसाचा गळ वाहत जाऊन कुठेतरी दगडात अडकतो. भांगाला पाणी मंद आणि निवळ, मासे कमी फिरतात असं म्हणतात ते खरंय पण लहान मुलीला शिकवायचं असेल तर मी भांगाचेच दिवस घेईन. तारखेत बदल करता येत असेल तर कॅलेंडर बघून ठरवा. नसेल येत तर उधाणाला पाणी चढायला लागल्यावरचा पहिला तास आणि भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबतं तो थोडा वेळ, एवढाच पकडा, बाकी वेळात फिरा.

भाट्याला काजळी नदीचं मुख आहे, मागे सुरूचं बन, सावली मिळते, गाडी जवळपर्यंत जाते. तुमच्या सासऱ्यांसाठी यापेक्षा सोयीची जागा रत्नागिरीच्या आसपास मला तरी माहीत नाही. मुडदुशी हा मासा मुलीसाठी. वाळूच्या तळाला फिरतो, बारीक तोंडाचा, वीतभर, पण गळाला लागला की हाताला टकटक कळतं, सोललेल्या कोळंबीच्या नखाएवढ्या तुकड्याला येतो. कोळंबी लावताना डोकं तोडून टाकायचं, साल काढायचं, शेपटीकडून गळाचं टोक आत घालायचं आणि मांस गळाच्या वळणावर सरकवत न्यायचं, टोक जरासं बाहेर दिसलं पाहिजे. मोठा तुकडा लोंबता ठेवला की मुडदुशी तो कुरतडून नेते आणि वर नुसता गळ येतो. पाण्यात फेकलं की दोरी ताणून घ्यायची, हळूहळू वाळूवरून आपल्याकडे ओढत राहायची, थांबवून ठेवायची नाही. आमिष हललं की ती मागे येते.

पापलेटचं सांगतो, गळाला लागतच नाही म्हटलं तरी चालेल, ते जाळ्याचं काम. बोंबील पण तसाच. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं तेव्हापासून तर सगळ्या मुलांना तोच धरायचा असतो. सुरमई गळाला लागते, चांगली लागते, पण त्यासाठी होडीने बाहेर जावं लागेल, काठावरून आशा ठेवू नका. लेकीला करकरा मिळाला तर दाखवा, पाण्याबाहेर काढला की कर्र कर्र आवाज करतो, त्यावरूनच नाव पडलंय. पोरं वेडी होतात ऐकून.

मिसळप्रेमी_सदाशिव

वाह भाट्याचा_काठ, तिथीचा हिशोब आजोबा सांगायचे, विसरलो होतो. वाचनखूण साठवली.

लुअर_आणि_मी

पुण्याहून येऊन जाऊन गरवणारा मी. सामानाचं सांगतो, दुकानात गेलात की दहा हजाराचं बिल करून देतात, एवढं लागत नाही. मुलीसाठी सहा सात फुटी हलका रॉड, २५०० किंवा ३००० साईजचं स्पिनिंग रील, त्यावर साधी मोनोफिलामेंट म्हणजे आपली तंगूस. ब्रेडेड लाईन लहान मुलाच्या हातात देऊ नका, मासा ओढतो तेव्हा बोट चिरतं. बारीक गळ, २० ते ४० ग्रॅमची शिशाची वजनं, दोन चार स्विव्हल. नाकाडी पक्कड आणि कात्री पाहिजेच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका, मासा सोडताना त्रास कमी होतो आणि बोटात रुतला तरी सरळ निघतो. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा नाहीतर खाऱ्या पाण्याने दोन महिन्यात जाम. टोप्या आणि पोलराईज्ड गॉगल, उन्हासाठी तर आहेच पण गळ फेकताना डोळे वाचतात. मुलगी फेकत असेल तेव्हा मागे कोणी उभं राहायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच लावा.

लुअरने म्हणजे नकली आमिषाने खेळायचं असेल नवऱ्याला तर खाडीच्या मुखाशी पहाटे, दगडांच्या कडेने, तांबोशी आणि जिताडा दोन्ही लुअरला येतात. जयगडला शास्त्री नदीचं मुख, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटणची खाडी. मॅपवरचे नेमके पिन पाहिजे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे टाकत नाही.

रोडट्रिप_कोकण

पिन इथे का टाकत नाही ते कळलं नाही. किनारा काय कोणाच्या मालकीचा नाही, सगळ्यांचा आहे. लोक आले तर खानावळी चालतील, होमस्टे चालतील, होडीवाल्याला चार पैसे मिळतील. माहिती दडवून ठेवण्याची ही जी पद्धत आहे ना गरवणाऱ्यांची ती मला पटत नाही. मी तरी सगळ्या जागा मॅपवर टाकतो.

लुअर_आणि_मी

दडवत नाही हो, मागेल त्याला देतो, फक्त मागावं लागतं. आमच्या ओळखीतली एक खडपावरची जागा, दोन माणसं कशीबशी बसतील एवढी, तिचा व्हिडिओ कोणीतरी टाकला, पुढच्या शनिवार रविवारी तिथे वीसेक लोक, दारूच्या बाटल्या, तंगुसाचे गुंते खडकात, आणि ज्यांना भरती कधी येते तेही माहीत नाही अशी माणसं टोकावर जाऊन उभी. गावाने शेवटी वाट बंद केली. आता आम्हीही जात नाही आणि गावातली पोरंही जात नाहीत. धक्का, जेटी, पुळण म्हणजे वाळूचा किनारा, यांची नावं खुशाल लिहा, तिथे माणसं असतात, काही झालं तर हाक मारता येते. खडपाचं टोक मॅपवर टाकताना तिथे कोण जाऊन उभं राहणार आहे त्याचा विचार करा एवढंच म्हणणं आहे.

हर्णैची_सून

मी गरवत नाही, पण घर मासेमारीचं आहे म्हणून लिहिते. रोडट्रिप, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, पाहुणे आले तर पैसा येतो, नाही कोण म्हणतंय. पण काठावर जे चाललेलं असतं ते कोणाचं तरी पोटाचं काम असतं हे येणाऱ्याला दिसत नाही. ओहोटीला खाडीत वाकून बायका तिसऱ्या, मुळे असल्या शिंपल्या वेचत असतात, त्यांच्या मधून गळ फेकणारे मी बघितलेत. खडकावरची कालवं काढायला जातो आम्ही, तिथे सोडून दिलेला गळ पायात घुसला की महिनाभर काम बंद. धक्क्यावर जाळी सुकत टाकलेली असते त्यावरून चालतात, गाडी उभी करतात. होड्यांचे दोर बांधलेले असतात त्यात तंगूस अडकवून कापून टाकतात.

म्हणून ताई, एक करा. जिथे जाल तिथे आधी पाच मिनिटं उभं राहून बघा काय चाललंय. मग जवळच्या माणसाला विचारा, दादा इथे बसलं तर चालेल का. इतकंच. कोणी नाही म्हणत नाही, उलट तुमच्या मुलीला हातात धरून शिकवतील, आमिष काढून देतील. हर्णैला संध्याकाळी लिलाव असतो तो तिला दाखवा, सुरमई बघायची हौस तिथे फिटेल. लिलाव चालू असताना मधे मधे फोटोला घुसायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

आणि अंजर्ले, वेळास या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हिवाळ्यात हंगाम सुरू झालेला असतो. रात्री पुळणीवर बॅटऱ्या मारत गरवायला बसू नका तिकडे, आणि एक वीत तंगूस सुद्धा वाळूत ठेवू नका. कासवाच्या गळ्याला अडकलेली तंगूस सोडवताना बघितलीय मी, मांसात गेलेली असते.

नाशिकची_वाटसरू

हर्णैची_सून, मनापासून धन्यवाद, हे कोणी सांगत नाही. लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न आहे की लहान मासा लागला तर सोडायचा का, किती लहान म्हणजे लहान? आणि माझा प्रश्न, काटा वगैरे लागला तर काय करायचं? शिंगाळ्याबद्दल वाचून भीती वाटली.

ओटीवरचा_डॉक्टर

भीती नको, माहिती पाहिजे. शिंगाळ्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या पंखांना, करवतीसारखे दाते असतात आणि विषारी असतात. पाकट म्हणजे वाळूत पडून राहणारा चपटा मासा, त्याच्या शेपटीला काटा असतो तो त्याहून वाईट. शिंगाळा हाताने धरायचाच नाही, फडक्याने पण नाही, काटा फडक्यातून जातो. पक्कडीने गळ काढा, नाही निघाला तर तंगूस कापा. पाकट टाळायला उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे ते आधीच सरकतं.

लागलंच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, अर्धा तास ते दीड तास, पाणी गार झालं की बदलत राहायचं. उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो, वेदना लक्षात येण्याइतकी उतरते. पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी हाताने तपासायचं कारण दुखणाऱ्याला भाजतंय ते कळत नाही. हळद, चुना, बर्फ, पट्टी आवळून बांधणं यातलं काही नको. मग दवाखान्यात जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बघायला लागतं. छाती किंवा पोटाला लागलं असेल तर घरगुती काही न करता थेट हॉस्पिटल, आणि काटा रुतलेला असेल तर उपटायचा नाही. थर्मासमध्ये गरम पाणी सोबत असलेलं बरं, चहाला पण होतं.

अजून दोन गोष्टी. गळाला समुद्रसाप आला, येतो कधी कधी, तर दोरी लांबून कापायची, सोडवायला जायचं नाही, त्याचं विष नागापेक्षा कमी नसतं. आणि फुगणारा केंड मासा आला तर कोणी काहीही सांगो खायचा नाही, त्यातलं विष शिजवून जात नाही.

भाट्याचा_काठ

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, फार चांगला प्रश्न विचारला तिने. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्येच ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी आकार ठरवून दिला, उदाहरणार्थ पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही. तो नियम मुख्यतः जाळ्यांच्या धंद्यासाठी केलेला आहे पण आपण गरवणाऱ्यांनी पाळायला काय हरकत आहे.

खाडीत तुम्हाला जी हातभर सुद्धा नसलेली तांबोशी मिळते ना ती सगळी पोरं असतात. तांबोशी लहानपणी कांदळवनाच्या मुळात, खाडीत वाढते, मोठी झाली की बाहेर खोल समुद्रात खडकांवर जाते आणि तिकडे अंडी घालते. म्हणजे खाडीतली धरली की ती एकदाही अंडी न घालता गेली. सोडायची. जिताड्याचं अजून गंमतशीर आहे, तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक सगळ्या माद्या. म्हणून फोटोसाठी हवा असतो तो दहा किलोचा राक्षस सोडला तर लाखो अंडी वाचतात. आणि हेकरू, ज्याला आमच्याकडे गोबरा म्हणतात, त्याचं बरोबर उलट, आधी मादी मग मोठेपणी नर. लेकीला सांगा हे, शाळेत बाईंना सांगेल.

सोडताना हात ओले करून धरायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर मरतो. गरम कातळावर किंवा वाळूत आपटायचा नाही. पाण्यात उभा धरून ठेवायचा, शेपटी मारली की सोडायचा. गळ खोल गिळला असेल तर ओढायचं नाही, तंगूस तोंडाजवळ कापून सोडून द्यायचा. आणि मुडदुश्या रात्रीच्या जेवणापुरत्या ठेवा की, खाण्यासाठीच गरवतो आपण. चौघांना जेवढ्या लागतात तेवढ्या. रव्यात घोळून तळा.

आचऱ्याचा_आनंद

मालवणला जाणाऱ्यांसाठी जोडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे, गळ आणि शिसं अडकून प्रवाळ तुटतं. तिकडे स्नॉर्केलिंग करा, गरवायला मात्र कालावलच्या खाडीला या, तळाशील तोंडवळी, गड नदी तिथे मिळते. एका बाजूला खाडी एका बाजूला दर्या, मधे अरुंद पट्टी. खाडीच्या बाजूला बसायचं. संध्याकाळी समुद्री गरुड मासा उचलताना दिसला तर रॉड बाजूला ठेवून बघा, आमच्याकडे त्याची घरटी आहेत. रापण ओढत असतील तर ती पूर्ण किनाऱ्याला लागेपर्यंत त्या टप्प्यात गळ फेकायचा नाही, जाळ्यात गळ अडकला की पूर्ण जाळं फाडून सोडवावं लागतं.

रोडट्रिप_कोकण

लुअर, हर्णैची_सून, वाचलं सगळं. मॅपवरच्या खडपाच्या जागा मी काढतोय, धक्के आणि पुळणी ठेवतोय आणि प्रत्येकाखाली भरतीचं लिहितोय. पण खडपावर जाणारे जाणारच आहेत त्यांच्यासाठी कोणीतरी नीट लिहा ना, नुसतं जाऊ नका म्हणून लोक थांबत नाहीत.

लुअर_आणि_मी

बरोबर, लिहितो. पोचल्यावर लगेच खाली उतरायचं नाही. वरून वीस मिनिटं समुद्र बघत बसायचं. लाटा एकसारख्या येत नाहीत, बऱ्याच लहान येतात आणि मग दोनतीन मोठ्या लागोपाठ, त्या मोठ्या कुठपर्यंत येतात ते बघायचं. जिथला कातळ ओला किंवा काळा हिरवा आहे तिथपर्यंत पाणी येतं, मग आत्ता कितीही शांत दिसो, तिथे उभं राहायचं नाही. कोरड्या पांढरट कातळावरच. परतीची वाट भरतीने तुटते का ते आधी बघायचं, खूप जागा अशा आहेत की जाताना कोरड्या पायाने जातो आणि दोन तासांनी मागे कंबरभर पाणी. एकट्याने नाही. समुद्राकडे पाठ करून आमिष लावायचं नाही. लाईफ जॅकेट खडपावर पण घालायचं, लोक हसतात, हसू देत. पाय घसरला आणि रॉड गेला तर जाऊ द्यायचा, त्याच्या मागे उडी मारणारे असतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो असेल त्या दिवशी घरी. कधी कधी इथे वारा नाही काही नाही आणि दूरच्या वादळाच्या लाटा येतात, नुसतं आकाश बघून अंदाज करू नका. जून ते सप्टेंबर खडप बंद.

गोट्या_पेणचा

पावसाळ्याचं निघालं म्हणून, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, ६१ दिवस. त्या काळात कोणी होडीवाला इंजिन लावून नेतो म्हणाला तर जाऊ नका. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला जी झुंबड उडते, ओढ्यात पोटं फुगलेले मासे चढत असतात ते काठीने मारतात, ते तरी आता थांबवायला हवं. पाहुण्यांनी त्यात भर घालू नये.

होडीने जाणार असाल तर, होडीला नंबर आहे का, माणशी जॅकेट आहे का, आणि तुमच्या मापाचं आहे का. लहान मुलीला मोठ्याचं जॅकेट डोक्यावरून निघून जातं. चिपळूणकडे वाशिष्ठीत आणि महाडकडे सावित्रीत मगरी आहेत, तिकडे आत नदीला पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, सावित्रीचं मुख बाणकोटला आहे तिथेच बरं.

नाशिकची_वाटसरू

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कॅलेंडर काढून बसलो काल रात्री, सासऱ्यांनी तिथीचा हिशोब स्वतः करून सगळ्या दिवसांच्या भरत्या वहीत लिहिल्या, त्यांना आता आमच्यापेक्षा जास्त घाई झालीय. ठरलं असं, पहिले दोन दिवस हर्णै आणि लिलाव, मग दाभोळला फेरीबोटीने धोपाव्याला उतरून खाली रत्नागिरी, भाट्याला दोन दिवस, तिथून एक दिवस देवबाग. होडीचं रद्द. पिशवी भरून तंगूस परत आणायची जबाबदारी लेकीने घेतलीय. एकच राहिलं, भाट्याला ताजी कोळंबी आमिषाला सकाळी कुठे मिळेल, की नाशिकहून बर्फात आणू?

भाट्याचा_काठ

नाशिकहून अजिबात आणू नका, मऊ पडलेली कोळंबी गळावर राहत नाही. मिरकरवाडा बंदरावर सकाळी लवकर जा, बारीक कोळंबी थोडीशी घ्या, आमिषाला म्हणून सांगितलं तर निवडून देतात. नाही मिळाली तर माकुल (स्क्विड) घ्या, पट्ट्या कापून लावायच्या, चिवट असते, एका पट्टीवर दोनतीन मासे निघतात. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आणि मीही त्या आठवड्यात संध्याकाळच्या भरतीला असतो सुरूच्या बनाच्या टोकाला, निळी बादली शेजारी असेल, या. आजोबांची वही पण आणा, माझ्या हिशोबाशी ताडून बघू.